फवारलेल्या हिरवळीच्या अडचणी

मैदान वा रस्त्याकडेचा उतार हिरवा करण्यासाठी गवताचे बी, पाणी, कागदाचा किंवा लाकडाचा लगदा व खत यांचे मिश्रण यंत्राने जमिनीवर फवारतात. फवारणी कोठे झाली हे कळावे म्हणून त्यात हिरवा रंग घालतात. चार दिवसांत तो उडाला की "बी वाया गेले" असे समजून लोक पाणी तोडतात, आणि खरे नुकसान तेथेच होते. हरळीचे बी उगवण्यास एक ते तीन आठवडे लागतात. तोपर्यंत लगदा ओलसर राहील असे हलके पाणी दिवसातून दोन-तीनदा द्यावे. कोंब फुटल्यावर एकदा जरी तो वाळला तरी रोप मरते.

कृष्णा-कोयनेच्या काठच्या आपल्या काळ्या मातीत पाणी जास्त झाले तर चिखल होतो, कमी झाले तर भेगा पडतात. म्हणून फवारणीपूर्वी जमीन भुसभुशीत करून शेणखत मिसळावे. मुसळधार पावसात बी वाहून जाते आणि थंडीत उगवण मंदावते. यास्तव पावसाचा जोर ओसरताच काम उरकावे.

तीन आठवड्यांनंतरही मोकळे राहिलेले ठिगळ दाताळ्याने खरवडून तेथे पुन्हा बी टाकावे. लव्हाळा नुसता कापून जात नाही. ओल असताना गाठीसकट उपटावा. दाट सावलीत हरळी टिकत नाही, तेथे तिचा हट्ट सोडावा. मुळे धरल्यावर पाणी क्रमाने कमी, पण खोलवर द्यावे. पहिल्या कापणीत उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक गवत कापू नये.