भोवरकडी

बकरी ईदच्या आधी घरी आणलेला बोकड तुम्ही दोरीने खुंट्याला बांधता. तो दिवसभर गोल गोल फिरतो. संध्याकाळपर्यंत दोरीला इतका पीळ बसतो, की ती आखूड होते आणि बोकडाच्या गळ्याला काचू लागते. शेतकरी यावर एक साधा उपाय करतो. जनावराच्या दाव्यात तो एक लोखंडी कडी घालतो. तिचे एक टोक स्थिर राहते, दुसरे फिरते. जनावर कितीही फिरले तरी पीळ दाव्यात शिरत नाही. या कडीला मराठीत भोवरकडी म्हणतात.

अशीच, पण तांदळाच्या दाण्याएवढी भोवरकडी मासे धरणारे लोक गळाच्या दोऱ्यात घालतात. दुकानदार तिला ‘स्विव्हल’ म्हणतो. (तुम्ही उर्दूत ज्याला काँटा म्हणता, तो मराठीतला गळ. ‘काटा’ म्हटले तर मराठी माणसाला बाभूळ किंवा घड्याळ आठवेल!)

गळाचा दोरा नायलॉनचा असतो. त्याला तंगूस म्हणतात. मरळ धरण्यासाठी काही जण गळाजवळ एक चकचकीत पत्री लावतात. दोरा ओढला की पत्री पाण्यात गरगर फिरते आणि मरळीला वाटते, छोटा मासा पळत आहे. पण पत्रीबरोबर दोराही पिळतो. पिळलेला तंगूस वेटोळी घालतो, त्याला गाठी पडतात आणि गाठीपाशी तो लवकर तुटतो. उर्दूत म्हणतात, रस्सी जल गई मगर बल न गया. मराठीतही अगदी हेच आहे: सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. तंगुसाचा पीळ तसाच हट्टी असतो. म्हणून तो बसूच नये, यासाठी ही कडी.

कडी कोणती घ्यावी? साधी कडी पितळेची असते. तिच्या पोटात दोन टोके सैल बसवलेली असतात. ती स्वस्त असते, पण जोराचा ताण आला की धातूवर धातू घासतो आणि कडी फिरेनाशी होते. दुसऱ्या प्रकारात पोटात बारीक पोलादी गोळ्या असतात, म्हणजे एक चिमुकले बॉल बेअरिंगच. चिंचवडला एसकेएफ कंपनीचा बेअरिंगचा कारखाना आहे. तुमच्यापैकी कोणाचे वडील अशा कारखान्यात काम करत असतील, तर गोळ्यांमुळे घर्षण कसे कमी होते ते त्यांना विचारा. फिरत्या पत्रीसाठी ही दुसरी कडी घ्यावी. गांडूळ लावून स्वस्थ बसणाऱ्याला साधी कडी पुरते.

आकाराचा क्रमांक उलटा असतो. दहा नंबरची कडी चार नंबरच्या कडीपेक्षा लहान असते. कडी शक्य तितकी लहान घ्यावी, पण दोऱ्यापेक्षा कमजोर नसावी. दोरा पाच किलो ताण सोसत असेल, तर कडी सहा-सात किलो सोसणारी हवी. कडीपासून गळापर्यंतचा हातभर तुकडा मात्र मुद्दाम कमजोर, चार किलोंचा ठेवतात. गळ खडकात अडकला तर तेवढाच तुकडा तुटतो. नाहीतर वीस-पंचवीस हात तंगूस पाण्यात राहतो. तो कित्येक वर्षे कुजत नाही, आणि त्यात बगळ्यांचे पाय अडकतात.

पत्री पटकन बदलता यावी म्हणून कडीला पिनेसारखा एक चाप जोडतात. त्याचे नाव स्नॅप. इथे काटकसर करू नका. चाकणजवळ भामा नदीवर मी एकदा स्वस्तातले स्नॅप घेऊन गेलो होतो. मोठी मरळ लागली. दोन-तीन झटके बसले आणि दोरा एकदम सैल पडला. ओढून पाहिले, तर कडी शाबूत होती, चाप मात्र सरळ झाला होता. मरळ पत्री आणि गळ तोंडात घेऊनच गेली. मासा हातचा गेला याचे मला फारसे वाटले नाही. पण तोंडात गळ रुतलेली ती मरळ आता भक्ष्य कशी धरणार, हा विचार रात्रभर मनातून जाईना. ज्याचे टोक वळून तारेलाच अडकते, असाच चाप आता मी घेतो.

दुकानात कडी पारखणे सोपे आहे. एक टोक चिमटीत धरून दुसऱ्या टोकाला जड पिशवी अडकवा आणि पिशवी फिरवा. कडी ताणाखालीही फिरली पाहिजे. मग कापसाचा बोळा तिच्यावरून फिरवा. कापसाचे तंतू अडकले, तर तिथे धार आहे असे समजा. ती धार तंगूस कापते.

नदीवर मोठ्या माणसाबरोबरच जा. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडले की पवना बघता बघता चढते. देहूच्या घाटावरचे मासे भाविक पवित्र मानतात, तिथे गळ टाकायचा नाही.

घरी आल्यावर कड्या धुऊन पुसून ठेवा. एखादी अडखळत फिरू लागली, तर ती पुन्हा दोऱ्याला लावू नका. माझ्याकडे अशा कड्यांची एक डबी भरली आहे. पीळ आणि घर्षण शिकवताना मी ती वर्गात फिरवतो.