हाडांना हवा अनोळखी भार

जुने हाड पोखरणाऱ्या पेशींना लगाम घालणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक रजोनिवृत्तीनंतर फारच थोडे उरते, त्यामुळे पोखरण्याचा वेग भरणीच्या वेगाला मागे टाकतो आणि मणके, मनगट व खुबा दुबळे होऊ लागतात. कॅल्शियम, ड-जीवनसत्त्व आणि प्रथिने यांचे महत्त्व सर्वश्रुत आहे. व्यायामाविषयीचा सल्ला मात्र बहुधा ‘रोज चाला’ एवढ्यावरच संपतो. तो हृदयासाठी उत्तम असला, तरी हाडासाठी तोकडा का पडतो, हे समजायचे तर हाड भार कसा ओळखते तेच पाहावे लागते.

या प्रश्नाचे सर्वांत देखणे उत्तर पक्ष्याच्या पंखातून मिळाले. लान्स लॅनियन आणि क्लिंटन रुबिन या संशोधकांनी पंखातील अल्ना हे हाड नेहमीच्या भारापासून अलग करून त्यावर यंत्राने हवा तेवढाच दाब दिला आणि त्याचे निष्कर्ष १९८४ मध्ये प्रसिद्ध केले. सतत एकसारखा ठेवलेला दाब हाडाला वाचवू शकला नाही. वापराविना पडून राहिलेल्या हाडाप्रमाणेच ते झिजले. दाब देऊन काढण्याची केवळ ४ आवर्तने रोज दिली, तर झीज थांबली, ३६ आवर्तनांनी नवे हाड घडले. मात्र आवर्तने १८०० पर्यंत वाढवूनही त्याहून अधिक लाभ झाला नाही. हाड कष्टांची बेरीज करत नाही, भारातील बदल टिपते, आणि तो बदल ओळखीचा झाला की त्याकडे दुर्लक्ष करते, हा या प्रयोगाचा अर्थ शरीरशास्त्रातील अत्यंत मोहक कल्पनांपैकी एक म्हणावा लागेल.

ही ओळख ठेवण्याचे काम ऑस्टिओसाइट, म्हणजे हाडाच्या घट्ट द्रव्यात अडकून राहिलेल्या पेशी, करतात. हाडातील एकूण पेशींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक पेशी याच असतात आणि अतिसूक्ष्म नलिकांतून त्या एकमेकींशी जोडलेल्या असतात. भार झटक्याने आला की नलिकांतील द्रव हलतो, त्याची जाणीव होताच या पेशी स्क्लेरोस्टिन या हाडाची घडण रोखणाऱ्या प्रथिनाचे उत्पादन कमी करतात आणि भरणीचे काम सुरू होते. हेच प्रथिन निष्प्रभ करणारे रोमोसोझुमॅब हे औषध आज तीव्र ऑस्टिओपोरोसिसमध्ये, म्हणजे हाडे विरळ होऊन सहज मोडू लागतात त्या विकारात, वापरले जाते.

मग साठीच्या स्त्रीने वजन उचलावे काय? ऑस्ट्रेलियातील ग्रिफिथ विद्यापीठाच्या ‘लिफ्टमोर’ चाचणीने २०१८ मध्ये या प्रश्नाला धीट होकार दिला. हाडांची घनता कमी असलेल्या, सरासरी ६५ वर्षांच्या १०१ स्त्रियांपैकी एका गटाने आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी अर्धा तास, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणे), स्क्वॅट (वजन घेऊन उठाबशा) आणि डोक्यावर वजन उचलणे हे प्रकार केले, शिवाय दांड्याला धरून उडी घेऊन पाय आपटत उतरण्याचा सरावही केला. पहिला महिना हलक्या भाराने ढब शिकण्यात गेला. आठ महिन्यांनी या गटाच्या कंबरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्क्यांनी वाढली, तर घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटात ती १.२ टक्क्यांनी घटली.

या दृष्टीने पाहता मंगळागौरीच्या खेळांना नुसती हौस म्हणणे अन्यायाचे ठरते; फुगडीतील गिरकी, बसफुगडीतील उकिडवी उडी आणि झिम्म्यातील बदलत्या दिशा यांत झटका, नवेपणा आणि भाराची ओळख पुसू देणारी मधली उसंत हे तिन्ही घटक आहेत. मात्र तरुणपणी हाडांचा साठा वाढवणारे हे खेळ ठिसूळ हाडांच्या स्त्रीने एकाएकी सुरू करणे धोक्याचे आहे.

धोका कधीकधी सौम्य दिसणाऱ्या व्यायामातही असतो. मेयो क्लिनिकच्या १९८४ मधील अभ्यासात मणक्यांचा ऑस्टिओपोरोसिस असलेल्या ज्या स्त्रियांनी पुढे वाकण्याचे व्यायाम केले, त्यांच्यापैकी ८९ टक्क्यांना नवे मणकेभंग झाले. पाठ मागे ताणणाऱ्या गटात हे प्रमाण १६ टक्के होते. म्हणून अशा स्त्रीने पश्चिमोत्तानासनाचा आग्रह सोडावा, हाडांची घनता मोजून घ्यावी आणि जाणकार फिजिओथेरपिस्टकडून वजन उचलण्याची ढब शिकावी. चालणे सोडण्याचे कारण नाही, पण तो भार हाडाच्या ओळखीचा झालेला असल्याने तेवढ्यावर हाडांची जबाबदारी टाकू नये.