पाट्यावरची चटणी

गुरुवार होता. दुरुस्तीच्या कामासाठी वीज बंद होती आणि दुसऱ्या पाळीच्या डब्याला चटणी तर हवी होती. मिक्सर नुसताच बसून होता. शेवटी पाण्याच्या पिंपामागे भिंतीला टेकवून ठेवलेला सासूबाईंचा पाटा आम्ही ओढून काढला, स्वच्छ धुतला, पुसून कोरडा केला आणि मांडी घालून बसलो.

भाजलेले शेंगदाणे, लसणाच्या सात-आठ पाकळ्या, तिखट आणि मीठ. सुरुवातीला दाणे पाट्यावरून निसटून पळत होते. मग वरवंट्याची लय सापडली. पुढे रेटायचा, मागे ओढायचा, कडेला गेलेले हाताने पुन्हा मध्ये घ्यायचे. दाण्यांना तेल सुटू लागले, लसणाचा वास खोलीभर पसरला. धाकट्याने बोट चाटले आणि दुसऱ्या दिवशी वीज असूनही त्याने पाट्याचीच चटणी मागितली.

भगिनींनो, हा काही नुसता मनाचा खेळ नाही. मिक्सरचे पाते दाणा वेगाने कापते, भांडे तापते आणि कुठे थांबावे हे कळेपर्यंत पार भुगा झालेला असतो. वरवंटा दाणा चिरडतो. दाण्याचे तेल आणि लसणाचा रस एकमेकांत मुरतात. जाडसर हवे की बारीक, हे आपल्या हाताला कळते. मिरचीचा ठेचा असो की वाटणाचे ओले खोबरे, हाच अनुभव येतो.

भाकरीचेही तसेच आहे. ज्वारीचे पीठ शिळे झाले की त्याची विरी जाते आणि थापताना भाकरीच्या कडा फुटतात. म्हणून महिन्याचे दळण एकदम आणण्यापेक्षा थोडे थोडे आणावे. पीठ जुने असलेच तर उकळत्या पाण्यात मळावे. ताज्या पिठाची भाकरी परातीत थापताना हाताखाली कशी गोल गोल पसरत जाते, ते पाहण्यातही सुख आहे.

ह्याच उत्साहात आम्ही सासूबाईंना म्हणालो, "आत्या, पाट्यावर वाटायला किती मजा येते!"

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुला मजा येती, कारण कंटाळा आला तर मिक्सर हाय. आमाला कंटाळायची सोय नव्हती."

आम्ही गप्प झालो. मग त्या सांगत राहिल्या. पहाटे अंधारात उठून जात्यावर बसायचे, तेव्हा कुठे सकाळची भाकरी व्हायची. दळण झाले की पाणी, सरपण आणि दिवसभर दुसऱ्याच्या रानात मजुरी. अंगात ताप असला तरी दळण चुकायचे नाही. कधी कधी खुंटा हातात असतानाच डोळा लागायचा. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा त्यांच्या हातांना पहिल्यांदा विसावा मिळाला.

तरीही त्या जात्यावर आपल्या बाया गायल्या. घरात ऐकणारे कोणी नव्हते, म्हणून मनातले त्यांनी जात्याला सांगितले. ह्या ओव्या हरवू नयेत म्हणून पुण्यात राहून हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी प्वातवाँ यांनी अनेक वर्षे खेडोपाडी काम केले. हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही पुष्कळ आहेत. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी गायलेल्या अशा ओव्या 1996 साली ध्वनिमुद्रित झाल्या. 2017 पासून 'पारी' ह्या संस्थेने हा ठेवा संकेतस्थळावर सर्वांसाठी खुला केला आहे. ज्यांना शाळेची पायरी चढू दिली नाही, त्या बायांनी बाबासाहेबांचा इतिहास जात्यावर बसून जपला.

म्हणून जाते-पाट्याचे कौतुक करताना आपण जपून बोलले पाहिजे. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात जुनी स्वयंपाकाची भांडी काचेआड पाहताना डोळ्यांना छान वाटते, पण ती वापरणाऱ्या हातांचे घट्टे तिथे दिसत नाहीत. 20 जुलै 1942 रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना सांगितले होते की, पत्नीने नवऱ्याची बरोबरीची मैत्रीण व्हावे, गुलाम होऊ नये. हा उपदेश चुलीपर्यंत पोहोचला, तरच पाट्यावरची चटणी खरी गोड लागेल.

आमच्या घरी आता एक रिवाज ठरला आहे. रोज मिक्सर, रविवारी पाटा. आणि वरवंटा एकट्या बाईच्या हाती द्यायचा नाही. तुम्हालाही करून पाहायचे असेल, तर गुळगुळीत झालेल्या पाट्याला आधी टाकी लावून घ्या. टाकी लावल्यावर मूठभर तांदूळ दोन-तीनदा वाटून टाकून द्या, म्हणजे दगडाची कच निघून जाईल. पाखडायला सूप हवे असेल तर बुरूड आळीत मिळेल. एखादे सूप घरात असू द्या. मुलांना पाखडायला शिकवा, मुलग्यांनाही.

गेल्या रविवारी आमच्या घरधन्यांनी पहिल्यांदा वरवंटा हाती घेतला. अर्धे दाणे जमिनीवर सांडले. मुले खो खो हसली. आत्या शेजारी पाट टाकून बसल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्या पाट्याच्या ह्या बाजूला बसून वाटण पाहत होत्या.

"दमानं," त्या लेकाला म्हणाल्या, "कडंचं मधी घे."

त्या दिवशी चटणी थोडी जाडीभरडीच झाली. आत्यांनी मात्र अर्धी भाकरी जास्त खाल्ली.