माशांसाठी शिळे पाणी

पिण्याच्या पाण्याविषयी महाराष्ट्रातील घरोघरी जो शिरस्ता पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे तो असा, की कालचे पाणी शिळे समजून ओतून द्यावे आणि हंडा-कळशी घासून ताजे भरावे. परंतु ज्या घरात काचेच्या पेटीत मासे पाळलेले आहेत, तेथे हा शिरस्ता नेमका उलटा करावा लागतो, कारण नळातून नुकत्याच आलेल्या पाण्यापेक्षा दिवसभर उघड्या पिंपात राहिलेले पाणीच त्यांना मानवते. सिन्नर हा सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेतला तालुका असून, उन्हाळ्यात त्याच्या पूर्वभागातील गावांना टँकरची वाट पाहावी लागत असल्यामुळे, पाण्याच्या साठवणुकीची विद्या येथील गृहस्थाला कोणी निराळी शिकवावी लागत नाही. ती माशांच्या कामी लावायची, एवढेच.

माशांच्या उत्सर्गातून अमोनिया निर्माण होतो. पेटीतील रेतीत व गाळणीत वसती करून असलेले सूक्ष्म जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइट व नंतर त्या मानाने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात, आणि साचत जाणारे हे नायट्रेट कमी करण्यासाठी आठवड्याला सुमारे पंचमांश पाणी बदलणे इष्ट असते. सगळी पेटी रिकामी करून, गाळणीसुद्धा नळाखाली खळखळून धुण्याची जी हौस पुष्कळांना असते, ती मला मुळीच मान्य नाही. कारण तीत घाणीबरोबर त्या उपकारक जीवाणूंचीही हकालपट्टी होते.

नगरपालिकेच्या पाण्यातील क्लोरीन आपल्या प्रकृतीचे रक्षण करतो, पण माशांच्या कल्ल्यांना जाळतो. रुंद तोंडाच्या भांड्यात पाणी चोवीस तास उघडे ठेवले, व हवेचा लहान पंप त्यात सोडला, तर तो बव्हंशी उडून जातो. घाई असेल त्यांच्यासाठी, छायाचित्रकार ज्याला हायपो म्हणत तोच सोडियम थायोसल्फेट दुकानात औषध म्हणून मिळतो. कूपनलिकेच्या पाण्यात क्लोरीन नसला तरी ते तसेच ओतू नये. काळ्या पाषाणातून आलेले ते पाणी बहुधा जड असते, त्यात प्राणवायू अल्प असतो, आणि कोंडलेला कार्बन डायऑक्साइड निघून जाईपर्यंत त्याची आम्लता स्थिर होत नाही.

मुख्य प्रश्न उष्णतेचा. गप्पी, मॉली, टेट्रा ही मंडळी उष्ण प्रदेशातील असल्यामुळे त्यांना साधारणतः २४ ते २८ अंशांचे पाणी लागते (मूळचा चीनचा गोल्डफिश मात्र थंडीला तितकासा भीत नाही). आणि शेजारच्या निफाडच्या कडाक्याच्या थंडीच्या बातम्या ज्या पौष-माघात येतात, त्या दिवसांत सिन्नरच्या गच्चीवरील टाकीतले पहाटेचे पाणी एकदम पेटीत लोटले, तर गारठलेल्या माशांच्या अंगावर पुढे पांढरे ठिपके उठण्यास फारसा विलंब लागत नाही. वैशाखात हीच टाकी उलट अपराध करते व दुपारी चटका देणारे पाणी सोडते. म्हणून पाणी घरात, पेटीजवळच साठवावे. खोलीच्या हवेशी त्याचा मेळ बसला की निम्मे काम विनाखर्च उरकते.

उरलेले काम हिशेबाचे आहे. १०० लिटरच्या पेटीसाठी २० लिटर पाणी १६ अंशांवरून २६ वर न्यायचे, तर १०० वॅटच्या हीटरला सुमारे अडीच तास लागतात; किंवा साडेपंधरा लिटर गार पाण्यात ६० अंशांचे साडेचार लिटर पाणी मिसळले तरी तोच परिणाम साधतो. हे पाणी स्टीलच्या पातेल्यात तापवावे. परसातला तांब्याचा बंब आपल्या स्नानाला कितीही उत्तम असला, तरी तांब्याचा अल्प अंशही गोगलगाई व कोळंबीस प्राणघातक ठरू शकतो, म्हणून माशांच्या पाण्यासाठी तो वर्ज्य. विजेचा रॉड वापरायचाच, तर तो केवळ साठवणीच्या पिंपात, आणि प्लग काढल्यावाचून त्या पाण्यात बोट घालू नये. पेटीतला हीटरही पाणी उपसण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे बंद करावा, नाही तर उघडी पडलेली त्याची तप्त काच तडकते. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो, त्यामुळे ओतण्यापूर्वी ते ढवळावे. आणि अदमास हाताने न घेता उष्णतामापकाने घ्यावा, कारण थंडीत गारठलेला हात २० अंशांनाही कोमट म्हणतो.

जाता जाता एक गोष्ट. माळेगाव औद्योगिक वसाहतीतील गारगोटी संग्रहालयात दख्खनच्या पाषाणाच्या पोकळ्यांत घडलेले जे झिओलाइटचे स्फटिक मांडले आहेत, त्यांच्याच गोत्रातले एक खनिज मत्स्यपेटीच्या गाळणीत अमोनिया शोषण्यासाठी घालतात. त्याने पाणी बदलण्यातून सुटका होत नाही, कारण नायट्रेटला ते शिवत नाही.

काढलेले पाणी मोरीत सोडणे सिन्नरात तरी शोभणारे नाही. त्यातील नायट्रेट हे झाडांचे अन्नच असल्यामुळे कुंड्यांना ते खुशाल घालावे. मात्र पेटीत मीठ किंवा औषध टाकलेले असेल, तर त्या खेपेचे पाणी झाडांना घालू नये.