रवी, चकती आणि पिंप : धुलाईयंत्राच्या निवडीचा विचार, सांगोल्याच्या संदर्भात

'धुणे' हा शब्द मराठीत क्रियापदही आहे आणि नामही आहे. परंतु नदीच्या वा विहिरीच्या काठी जे घडते ते या एका शब्दाने पुरते सांगितले जात नाही. कपडे प्रथम भिजवावयाचे, मग साबण लावून चोळावयाचे. जाड असतील तर दगडावर आपटावयाचे किंवा धोपटण्याने धोपटावयाचे, नाजूक असतील तर नुसते चुबकावयाचे. त्यानंतर पाण्यात खळबळावयाचे, पिळावयाचे, झटकावयाचे आणि वाळत घालावयाचे. यांतील प्रत्येक क्रियापद कापडावर पडणाऱ्या निराळ्या बलाचे नाव आहे. कोणत्या कापडाला कोणते क्रियापद लावावयाचे, हे ज्ञान घरोघरच्या स्त्रियांकडे बोलीतूनच आलेले असते. दुकानात मात्र ही सारी क्रियापदे 'मशीन' या एका नामात गडप होतात. सांगोल्यासारख्या तालुक्याच्या गावी यंत्र घेऊ पाहणाऱ्या कुटुंबाला किलोची क्षमता, किंमत आणि हमी सांगितली जाते. यंत्र कापडाचे नेमके काय करते, हे क्वचितच सांगितले जाते. वस्तुतः निवडीचा निकाल तेथेच लागावयास हवा.

जर्मनीतील हेन्केल या साबणव्यवसायातील कंपनीचे रसायनतज्ज्ञ हर्बर्ट झिनर यांनी १९५९ मध्ये धुलाईचे चार घटक एका वर्तुळात मांडून दाखविले : रसायन, यांत्रिक क्रिया, उष्णता आणि वेळ. यांपैकी एक कमी केला की उरलेल्यांपैकी कोणता तरी वाढवावा लागतो. आपल्याकडील बहुसंख्य घरांत धुणे थंड पाण्यानेच होते, म्हणजे उष्णतेचा वाटा जवळजवळ शून्य. तो भरून काढण्याचे काम साबण, वेळ आणि मुख्यतः यांत्रिक क्रिया यांच्यावर येते. म्हणून यंत्राच्या पोटात कोणती क्रिया चालते, हा प्रश्न थंड पाण्याने धुणाऱ्याच्या दृष्टीने अधिकच महत्त्वाचा ठरतो.

या क्रिया प्रामुख्याने तीन आहेत. समोरून दार असलेल्या यंत्रात आडवे पिंप फिरते. ते कपडे वर उचलते आणि खाली सोडते. हे आपटणेच होय. दगडाच्या जागी पिंपाची भिंत व थोडे पाणी असते एवढेच. वरून भरावयाच्या यंत्रांत दोन जाती आहेत. एकीत टाकीच्या तळाशी सपाट चकती असते. ती वेगाने उलटसुलट फिरून पाण्यात भोवरे उठविते आणि त्या प्रवाहात कपडे खळबळले जातात. हूव्हर कंपनीने १९४८ मध्ये ब्रिटनमध्ये काढलेल्या यंत्रात अशी चकती टाकीच्या बाजूच्या भिंतीत होती, आणि १९५३ मध्ये जपानच्या सान्यो कंपनीने त्याच धर्तीचे यंत्र काढले. भारतात आज वरून भरावयाची जी यंत्रे विकली जातात त्यांपैकी बहुतेक या चकतीच्या कुळातील आहेत.

दुसऱ्या जातीत टाकीच्या मधोमध पंखे असलेला उभा खांब असतो. यालाच इंग्रजी वळणाने 'अ‍ॅजिटेटर' म्हणतात. तो पूर्ण फेरे घेत नाही. अर्ध्या फेऱ्याच्या आसपास एका दिशेने जातो, थांबतो आणि उलट फिरतो. ताक करताना दोरीने ओढलेली रवी हेच करते : एक टोक ओढले की इकडे, दुसरे ओढले की तिकडे. मराठीत या भागाला रूढ शब्द नाही. घडवावयाचाच झाला तर कोशातून जड संस्कृत शब्द उचलण्यापेक्षा 'रवी' हा शब्द सरळ आणि क्रियेशी प्रामाणिक आहे. अमेरिकेतील मेटॅग कंपनीने १९२२ मध्ये हॉवर्ड स्नायडर यांच्या रचनेनुसार हे घुसळण टाकीच्या तळाकडून घडवून आणले, आणि कपडे पाण्यातून ओढण्याऐवजी पाणीच कपड्यांतून ढकलले जाऊ लागले. रवीच्या पंख्यांशी आणि एकमेकांशी होणारे कपड्यांचे घर्षण ही या यंत्राची खरी शक्ती होय. मातीने माखलेले सुती सदरे, शाळेचे गणवेश, पंचे आणि टॉवेल यांना हे चोळणे मानवते.

विक्रेत्यांच्या बोलण्यात हे दोन शब्द पुष्कळदा एकमेकांत मिसळतात, आणि मध्यभागी थोडा उंचवटा असलेल्या चकतीलाही 'अ‍ॅजिटेटर' म्हटले जाते. तेव्हा शब्दावर विसंबू नये. झाकण उघडून पाहावे. खांब टाकीच्या बऱ्याच उंचीपर्यंत आलेला असला तरच ती रवी.

आता सांगोल्याच्या दोरीवर काय वाळत असते ते पाहू. येथील अनेक घरांत अद्याप धोतर, फेटा आणि नऊवारी लुगडे यांचे धुणे निघते. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. रवी उलटसुलट फिरत असल्यामुळे पडलेला वेढा परतीच्या फेऱ्यात सुटावा, अशी या रचनेमागील अपेक्षा असते. सदऱ्याच्या बाबतीत ती पुष्कळशी खरी ठरते. सव्वाआठ मीटरचे एक टोक पंख्याखाली अडकले की मात्र बाकीचे कापड खांबाभोवती दोरासारखे वळत जाते. काठ ताणले जातात, पदर विरतो, आणि भार एका बाजूस गेल्याने पिळण्याच्या वेळी टाकी हादरू लागते. लांब वस्त्र खांबाभोवती गुंडाळून कधीच ठेवू नये. ते सैल घड्यांनी, शक्यतो जाळीच्या पिशवीत घालून, थोड्या कपड्यांबरोबर आणि भरपूर पाण्यात धुवावे. ज्या घरी रोज दोनतीन लुगडी निघतात त्या घरी रवीचे यंत्र ही चुकीची निवड होय, असेच म्हणावे लागेल. तेथे चकतीही निर्धोक नाही, पण गुंता कमी होतो.

सोलापुरी चादरीची अडचण निराळी. रवी टाकीचा मधला भाग व्यापते. जाड चादर भिजून फुगली की तिला हलावयास जागा उरत नाही, आणि जे हलत नाही ते घुसळलेही जात नाही. यंत्रावर लिहिलेले सात किलो हे कोरड्या कपड्यांचे वजन असते, हेही ध्यानी ठेवावे. घोंगडीचा तर विचारच करू नये. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. ओल, क्षार आणि घुसळण एकत्र आली की ते एकमेकांत अडकून वस्त्र आटते व नमद्यासारखे घट्ट होते, आणि ते पुन्हा मोकळे होत नाही.

कपड्यांहूनही पाण्याचा प्रश्न बिकट आहे. माण नदीकाठचा हा तालुका पर्जन्यछायेत येतो. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणे येथे नवे नाही. जुन्या घडणीच्या अमेरिकी रवीयंत्राला एका धुण्यास दीडशे लिटरच्या आसपास पाणी लागे. आडव्या पिंपाचे यंत्र त्याच्या निम्म्यात वा त्याहून कमी पाण्यात भागविते. शिवाय स्वयंचलित यंत्र दर धुण्याचे साबणपाणी सोडून देते. दोन टाक्यांच्या अर्धस्वयंचलित यंत्रात तेच पाणी आधी पांढऱ्या, मग रंगीत आणि शेवटी शेतातल्या कपड्यांना पुरविता येते. गृहिणीचा हा जुना हिशेब स्वयंचलित यंत्राला कळत नाही.

दाबाचाही विचार आवश्यक आहे. पुष्कळ स्वयंचलित यंत्रांना किमान ०.३ बार, म्हणजे सुमारे तीन मीटर उंचीच्या पाण्याचा दाब लागतो. एकमजली घराचे छत जमिनीपासून तीन मीटर आणि यंत्राची तोटी एक मीटर उंचीवर धरली, तर छतावर नुसत्या ठेवलेल्या टाकीच्या तळापासून दोनच मीटर उरतात. टाकी अर्धी झाली की यंत्र पाण्याची वाट पाहत थांबते आणि दोष यंत्राला दिला जातो. टाकीखाली मीटरभर उंचीचा कट्टा बांधला की हे टळते.

कूपनलिकेचे पाणी जड असेल तर साबणातील मेदाम्ले त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमशी संयोग पावून चिकट साका होतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने एकूण काठिण्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि पर्यायी स्रोत नसल्यास ६०० पर्यंत ठरविली आहे. हा आकडा माहीत असणे धुण्यासाठीही उपयोगी पडते. अशा पाण्यात साध्या साबणापेक्षा डिटर्जंट वापरणे बरे. रवी कितीही घुसळली तरी साका जात नाही, उलट तो कपड्यांत मुरतो.

डाळिंबाच्या डागाचेही तसेच. सालीतील टॅनिनाचा लोहाशी संयोग झाला की काळपट रंग बसतो. रंगारी पूर्वापार डाळिंबाची साल वापरीत आले ते याच गुणामुळे. ताजा डाग आधी साध्या पाण्याने धुऊन काढावा. बागेत फवारणी केलेल्याचे कपडे मात्र सर्वांत वेगळे धुतले पाहिजेत, आणि त्यांच्यानंतर यंत्र एकदा डिटर्जंट घालून रिकामे चालवावे. घुसळण्याने औषधाचा अंश नाहीसा होत नाही. तो त्याच पाण्यातून मुलांच्या कपड्यांत जातो. याबाबतीत रवी, चकती व पिंप यांत काही फरक नाही.

तेव्हा ज्या घरी स्वतःच्या विहिरीचे बारमाही पाणी आहे, टाकी उंचावर आहे आणि धुण्यात आखूड, जाड, मळके सुती कपडे अधिक आहेत, तेथे रवीचे यंत्र आपली किंमत वसूल करील. टँकरवर दिवस काढणाऱ्या घराने दोन टाक्यांचेच यंत्र घ्यावे. त्यात काही उणेपणा नाही. समोरून दाराचे यंत्र पाणी वाचविते, परंतु त्याची किंमत अधिक.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना रवीचे यंत्र परिचयाचे असते, कारण तेथे ते दीर्घकाळ सर्वसामान्य होते. रवी असावी की नसावी, या वादात तेथील गिऱ्हाईकही विभागलेले आहे. व्हर्लपूल कंपनीने २०२१ मध्ये तेथे काढता-घालता येणारी रवी असलेले यंत्र आणले. त्या यंत्रात सदऱ्यांच्या दिवशी खांब बसवावयाचा आणि साडीच्या दिवशी तो उचलून बाजूस ठेवावयाचा.