सर्व्हर चालू, वाट बंद

उमरग्याच्या एखाद्या रुग्णालयात केसपेपर, रक्ताचा साठा आणि लॅबचे रिपोर्ट एकाच विंडोज सर्व्हरवर आहेत, असे समजा. त्याच्यावर लक्ष ठेवणारा माणूस बसतो पुण्यात. सकाळी त्याच्या स्क्रीनवर त्या सर्व्हरसमोर लाल ठिपका दिसतो. तो घाईने फोन लावतो, तर पलीकडून उत्तर येते, "साहेब, इथं सगळं चालू आहे. ओपीडीला रांग लागलीय."

दोघेही खरेच बोलत असतात. लाल ठिपक्याचा अर्थ इतकाच, की पुण्याहून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर परत आले नाही. सर्व्हर आजारी आहे की वाट अडली आहे, हे तो ठिपका सांगत नाही. रोज खोटा लाल दिसू लागला की माणूस त्याकडे पाहणे सोडतो; मग ज्या दिवशी खरोखर डिस्क भरते, त्या दिवशीही कोणी पाहत नाही.

नळदुर्गचा किल्ला पाहिलेल्याला फायरवॉल वेगळी समजावून सांगावी लागत नाही. तट, दरवाजे, पहारेकरी. विंडोजची जुनी दूरपाहणीची पद्धत, म्हणजे डब्ल्यूएमआय, आधी १३५ क्रमांकाच्या दरवाजावर जाते. तिथे सांगितले जाते, की तुमचे काम पुढच्या अमुक दरवाजावर होईल. हा 'अमुक' ४९१५२ ते ६५५३५ यांतला कोणताही असू शकतो, म्हणजे तब्बल १६,३८४ दरवाजे! फायरवॉल लावणाऱ्याने १३५ तेवढा उघडलेला असतो. मग स्क्रीनवर 'आरपीसी सर्व्हर उपलब्ध नाही' असा संदेश येतो आणि वाचणारा सर्व्हरलाच दोष देतो. पिंगवरही विसंबू नये. अनेक फायरवॉल पिंग अडवतात, त्यामुळे उत्तर आले नाही म्हणून मशीन बंद आहे असे होत नाही. आणि उत्तर आले तरी हवा तो दरवाजा उघडा आहे असेही नाही. नेमका तो दरवाजा पॉवरशेलमधल्या 'टेस्ट-नेटकनेक्शन'ने तपासावा.

'ॲक्सेस डिनाइड' हा संदेश मात्र मला चांगला वाटतो. वाट मोकळी आहे, तुम्हाला आत कोणी ओळखत नाही, एवढाच त्याचा अर्थ. डोमेन म्हणजे ओळखीच्या माणसांचे रजिस्टर. पुण्याच्या रजिस्टरातले नाव उमरग्याच्या रजिस्टरात आपोआप चालत नाही. दोन डोमेनमध्ये विश्वासाचे नाते जोडावे लागते, नाहीतर तिथले वेगळे खाते घ्यावे लागते. घड्याळही पाहा. दोन्हीकडच्या वेळेत पाच मिनिटांहून जास्त फरक पडला, तर कर्बेरॉस ही ओळख पटवणारी यंत्रणा पासवर्ड बरोबर असूनही नकार देते. वीज बराच वेळ गेली आणि मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपलेली असली, की घड्याळ मागे पडते. याचा शोध लागेपर्यंत अर्धा दिवस सहज जातो.

वैतागून कोणीतरी म्हणते, "पाच मिनिटं फायरवॉलच बंद करून बघू." ठिपका हिरवा होतो, सगळे चहाला जातात आणि फायरवॉल तशीच राहते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा व्हायरस ४४५ क्रमांकाच्या उघड्या दरवाजातून एका विंडोज मशीनवरून दुसऱ्यावर पसरला; ब्रिटनमध्ये रुग्णांच्या हजारो अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे पाच सर्व्हर हल्ल्यात सापडले आणि कामकाज कित्येक दिवस हाताने चालवावे लागले. नेटवर्कचे भाग नीट वेगळे केलेले नव्हते, असे सरकारने संसदेत सांगितले.

त्यापेक्षा विनआरएमचा ५९८६ हा एकच दरवाजा उघडावा, तोही फक्त पाहणी करणाऱ्या मशीनच्या पत्त्यासाठी. पाहणीला डोमेन ॲडमिनचे खाते कधीही वापरू नये. वाचण्यापुरते अधिकार असलेले खाते पुरते.

छोट्या रुग्णालयाला मला याहून सोपी वाटते ती एजंटची पद्धत. सर्व्हरवरच बसवलेला छोटा प्रोग्राम ठरावीक वेळाने डिस्क, मेमरी, बॅकअपची खबर स्वतःहून बाहेर पाठवतो. बाहेर जाणारी ४४३ ची वाट बहुतेक ठिकाणी आधीच मोकळी असते, त्यामुळे तटाला नवे भोक पाडावे लागत नाही. गावातली आशाताई स्वतः आरोग्य केंद्रात येऊन माहिती देते, तसेच हे. खबर येणे थांबले तर ठिपका लाल होतो. तेव्हाही पहिला फोन उमरग्यालाच लावायचा आणि विचारायचे, "लाइट आहे का? इंटरनेट चालू आहे का?"