‘सॅलड डेज्’

‘सॅलड डेज्’ म्हणजे अननुभवी तारुण्याचा काळ, एवढें कोश सांगतो. पण कच्च्या पालेभाजीचा तारुण्याशीं संबंध काय? त्याचें उत्तर शेक्सपिअरच्या ‘अँटनी अँड क्लिओपात्रा’ या, १६२३ सालीं छापलेल्या नाटकाच्या पहिल्या अंकांत आहे. अँटनीच्या स्तुतींत रंगलेल्या क्लिओपात्रेला दासी चार्मियन डिवचते, कीं सीझरचीहि अशीच स्तुति होत असे. राणी तें उडवून लावते : तेव्हां आपली बुद्धि हिरवी आणि रक्त थंड होतें! सॅलड हिरवें, आणि थंडहि. एका शब्दांत दोन्ही गुण आले. आपल्याकडे तरुण रक्त सळसळतें. येथें तें थंड, ही गंमत ध्यानांत घ्यावी.

‘ओठ पिळले तर दूध निघेल’ हा आपला वाक्प्रचार दुसऱ्याला मारलेला टोमणा आहे. ‘सॅलड डेज्’ मात्र माणूस बहुधा स्वतःविषयीं, मागें वळून बोलतो. राणी दुसरी एलिझाबेथ हिनें १९७७ सालीं, रौप्यमहोत्सवाच्या भाषणांत, आपल्या एकविसाव्या वर्षींच्या प्रतिज्ञेला हेच शब्द लावले. आणि तिच्यांतील एकहि शब्द मागें घेत नाहीं, असेंहि सांगितलें. हल्लीं कित्येक लेखक ‘भरभराटीचे दिवस’ अशा अर्थींहि तो योजतात. कोशांनीं तोहि अर्थ मान्य केला आहे. मला तो रुचत नाहीं, कारण त्यांत हिरवेपणा उरतच नाहीं.